साडेसहाची वाटी

अर्जातला नववा रकाना भरायला उल्हास कणसेंनी तीन दिवस घेतले, आणि तरी तो रिकामाच राहिला.

आधीचे आठही रकाने दहा मिनिटांत उरकले होते. वय बासष्ट. निवृत्त कालवा निरीक्षक, पाटबंधारे विभाग. घर क्रमांक बारा, चौथी गल्ली, पाटबंधारे कॉलनी, कराड. जोडीदाराच्या नावापाशी पेन जरा अडखळलं, पण तेही लिहून झालं : हेमंत सबनीस, वय चौसष्ट, निवृत्त चित्रकला शिक्षक, घर क्रमांक अकरा. नवव्या रकान्यात एवढंच छापलं होतं, 'सहवासाचा पुरावा जोडा.'

आता गंमत अशी, की या गृहस्थांनी आयुष्यातली चोवीस वर्षं नेमका हाच पुरावा मागे राहू नये म्हणून खर्ची घातली होती. कालव्याच्या कुठल्या दारातून किती पाणी सुटलं हे मोजण्यात नोकरी गेलेली. तोच काटेकोरपणा त्यांनी घरी लावला. दोन घरं, मधे सामाईक भिंत. दोन गॅस, दोन वर्तमानपत्रं, दुधाच्या दोन पिशव्या. कपडे वाळत घालायला दोन दोऱ्या, आणि एकाचा सदरा चुकून दुसऱ्याच्या दोरीवर गेला तर लगेच ध्यानात यावं म्हणून उल्हासरावांचे सगळे सदरे पांढरे, हेमंतचे सगळे रंगीत. संध्याकाळी सातला बुद्धिबळाचा पट काखेत मारून पुढच्या दाराने अकरा नंबरात जायचं. दहाला तोच पट घेऊन, 'उद्या बघतो तुझ्या वजिराकडे,' असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत परतायचं. बारा नंबरातला दिवा लावायचा, पंधरा मिनिटांनी मालवायचा, आणि मागच्या अंगणातली बसकी भिंत ओलांडून पुन्हा अकरा नंबरात. सकाळी सव्वासहाला उलटा प्रवास. महाबळेश्वरला जायचं तर एक जण सकाळच्या एसटीने, दुसरा दुपारच्या. दोघं शेजारी उभे आहेत असा एकही फोटो नाही. जिथे दोघं आहेत तिथे मधे कुणीतरी तिसरा आहे.

इतका चोख कारभार, आणि आता सरकार विचारत होतं, पुरावा कुठाय?

विचारायची वेळ आणली होती हेमंतच्या कंपवाताने. हात थरथरायला लागून चार वर्षं झाली होती. दोन महिन्यांपूर्वी तो न्हाणीघरात पडला, आणि डॉक्टरांनी मेंदूत एक बारीक यंत्र बसवायचं ठरवलं. शस्त्रक्रियेच्या कागदावर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. उल्हासरावांनी सवयीने 'शेजारी' लिहिलं. शेजाऱ्याची सही चालत नाही म्हटल्यावर बडोद्याहून हेमंतचा भाचा अमोघ विमानाने आला आणि सही करून गेला.

यंत्र छान बसलं. पण ते रोज तब्येत बघून थोडं कमी-जास्त करावं लागे, आणि त्यासाठी तळहाताएवढा रिमोट होता. रुग्णालयाचा नियम असा, की रिमोट फक्त कायदेशीर नातलगाच्या हाती, आणि तोही रुग्णासोबत एका घरात राहणारा हवा. तीस तारखेपर्यंत नर्सबाई घरी येऊन ते काम करणार होत्या. त्यानंतर रिमोट अमोघकडे. म्हणजे रिमोट बडोद्याला, म्हणून हेमंतही बडोद्याला.

अमोघ वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. पण पोरगा सोन्यासारखा. तळमजल्यावरचं घर, बायको फिजिओथेरपिस्ट, मामासाठी न्हाणीघरात भिंतीला स्टीलचे दांडेही बसवून झालेले. त्याने फोनवर उल्हासरावांचे आभार मानले, म्हणाला, काका, तुमच्यासारखा शेजारी मिळायला नशीब लागतं. शेजाऱ्याने यावर काय बोलावं? शेजाऱ्याने प्रवासासाठी डबा करून द्यावा.

*

कायदा नवाकोरा होता. दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी लग्न करावं की करू नये, हा वाद देशात इतकी वर्षं चालला होता की वाद घालणाऱ्यांची एक पिढी त्यातच निवृत्त झाली. एक बाजू म्हणे, लग्न हा संस्कार आहे, तो वाकवायचा नाही. दुसरी म्हणे, आम्ही वाकवायला नाही, पंगतीत बसायला आलोय. तिसरी एक बाजू होती, ती म्हणे, ही माणसं वर्ष-दोन वर्षांत वेगळी होतात, त्यांना कशाला हवा कायदा? या तिसऱ्या बाजूचं तोंड बंद करायला म्हणून सरकारने मधला मार्ग काढला, आणि मधला मार्ग दोन्ही बाजूंना सारखाच नावडला. सहजीवन नोंदणी कोणाही दोन सज्ञान माणसांना करता येईल. स्त्री-पुरुष असतील तर हार घाला, दोन साक्षीदार आणा आणि चालू लागा. दोघे पुरुष किंवा दोघी बायका असतील तर पाच वर्षांचा सहवास सिद्ध करा. कागदोपत्री पुरावा नसेल तर सहवासमापक यंत्रासाठी थुंकी द्या.

हेमंतने ते ऐकलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाला.

"घोरपडे अण्णांचं लग्न झालं तेव्हा ते कुठे थुंकले होते?" आजारामुळे त्याचा आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. "एका दुपारी मुलगी बघितली, पोहे खाल्ले, महिन्यात लग्न. आणि आपण चोवीस वर्षांनी नळीत थुंकायचं?"

अशोक घोरपडे, म्हणजे अण्णा, हे गल्लीच्या सोसायटीचे अध्यक्ष. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, समोरच्या नऊ नंबरात राहायचे आणि गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीला आधी हरकत घेऊन मग मदत करायचे.

उल्हासरावांनी हेमंतची समजूत काढायचा प्रयत्न केला, आणि तिथेच त्यांची पंचाईत झाली. कारण इतकी वर्षं या वादात घरातले विरोधक तेच होते. हेमंतला पुण्याच्या मोर्चाला जायचं होतं, त्याने फलकही रंगवला होता; उल्हासरावांनी तो पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून टाकला, अजून तिथेच होता. जसं आहे तसं असू दे की, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कागद कशाला? कागद आला की लोक तो वाचतात.

"तुला लग्न नकोय, उल्हास," हेमंत म्हणाला. "तुला रिमोट हवाय."

उल्हासराव म्हणाले, की मला तू इथे हवायस, त्याला सरकार काय नाव देईल ते देऊ दे. हेमंतने खिडकीबाहेर बघत अट घातली : थुंकी देतो, पण ज्या दिवशी नमुना घेतील त्या दिवशी सकाळी तू पुढच्या दाराने आपल्या घरी जायचंस. उजाडल्यावर. पट न घेता.

उल्हासरावांनी कबूल केलं. कबूल करायला काय जातं?

नमुन्याच्या दिवशी सव्वासहाला ते पुढच्या दाराशी गेले, कडीवर हात ठेवला. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. मिनिटभर ते तसेच उभे राहिले आणि मग वळून मागच्या अंगणात गेले. हेमंत पलंगावरून बघत होता. दहा वाजता डॉक्टर आल्या तेव्हा त्याने ठरल्याप्रमाणे नळीत थुंकी दिली. त्याने आपली बाजू पाळली, आणि ते उल्हासरावांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

*

डॉक्टर समीना शिकलगार पांढरी गाडी घेऊन आल्या होत्या, गाडीतच प्रयोगशाळा. वय तिशीचं, बोलणं सरळ. उल्हासरावांनी विचारलं तेव्हा त्यांनी हातातलं काम न थांबवता सगळं समजावून सांगितलं.

माणसाच्या तोंडात आणि पोटात कोट्यवधी जंतू वस्तीला असतात, त्यातले बहुतेक निरुपद्रवी, कित्येक उपकारी. जाती सगळ्यांच्यात साधारण त्याच. पण जोंधळा सगळीकडे जोंधळाच असला तरी वाण जसं शेतागणिक वेगळं, तसं जंतूंचंही असतं. तुमच्या तोंडातलं वाण तुमचं. दोन माणसं एका घरात राहायला लागली की वाणांची देवाणघेवाण सुरू होते : एका ताटात जेवणं, एका उशीवर श्वास घेणं, एकमेकांच्या पेल्यातलं पाणी पिणं. वर्षं जातात तशी दोघांतली सामाईक वाणं वाढत जातात. यंत्र दोघांच्या थुंकीतलं प्रत्येक वाण वाचतं, जुळवतं आणि शंभरपैकी गुण देतं. तीसच्या वर गुण म्हणजे पाच वर्षांचा सहवास नक्की. शेजारी-पाजारी एकच पाणी पितात, एकाच मंडईतली भाजी खातात, तरी त्यांचे गुण आठाच्या पुढे जात नाहीत.

"म्हणजे जंतूंना माहीत असतं," उल्हासराव म्हणाले.

"सगळं," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना भिंती नसतात, काका."

तुलनेसाठी आठ शेजाऱ्यांचेही नमुने घ्यायचे होते. त्याचा पुढाकार अण्णांनी घेतला, कारण नोंदणीला लेखी हरकत घेणारेही तेच होते. हरकतीत त्यांनी लिहिलं होतं, की सदर दोन गृहस्थ वेगवेगळ्या घरांत राहतात, दोन गॅस आहेत, दोन मीटर आहेत, अध्यक्ष या नात्याने मी खात्रीने सांगतो. उल्हासरावांनी ती हरकत वाचली तेव्हा क्षणभर त्यांना अभिमानच वाटला. काम पक्कं झालं होतं.

चार दिवसांनी डॉक्टर निकाल घेऊन स्वतः आल्या, आणि त्यांचा चेहरा बघूनच उल्हासरावांना कळलं.

अकरा आणि बारा नंबर : अडुसष्ट गुण. पण पुढची यादी बघा. सबनीस सर आणि समोरच्या शालनवहिनी घोरपडे : एकावन्न. उल्हासराव आणि पोस्टातले मोहिते : सत्तेचाळीस. मोहित्यांच्या सूनबाई आणि कोपऱ्यावरच्या निवृत्त ओव्हरसियरबाई : त्रेपन्न. कुणाचाही कुणाशी मेळ काढा, चाळीसच्या वरच. यंत्राच्या मते चौथ्या गल्लीतली ही माणसं एकमेकांशी लग्न लागल्यासारखी वर्षानुवर्षं एका घरात नांदत होती. अपवाद एकच. अण्णांचा कुणाशीच मेळ नव्हता. त्यांचा आणि शालनवहिनींचा आकडा एकोणीस.

ही बातमी गल्लीत पोचायला चहा उकळायचाही वेळ लागला नाही. अण्णा दारात उभं राहून यंत्र कसं भंपक आहे ते सांगत होते, आणि आतून वहिनींच्या हसण्याचा आवाज येत होता. हसू आवरून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, की पंधरा वर्षं माणूस वरच्या खोलीत झोपतो, पित्त होतं म्हणून सगळं निराळं जेवतो, मग जंतू काय पायऱ्या चढून जाणार आहेत?

उल्हासरावांना मात्र हसू येईना. शेजार-तुलना फसली तर निकाल बाद, आणि नवा नमुना सहा महिन्यांनी. सुनावणी बावीस तारखेला होती, अमोघ तीसला येणार होता.

*

कालव्यावर पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. दहा शेतांत एकदम गढूळ पाणी आलं तर शेतं बघत बसायची नसतात, वरचं दार बघायचं असतं. अण्णा सोडून उरलेल्या नऊ तोंडांत एकाच ठिकाणाहून काय येत होतं? पाणी नळाचं, ते तर सगळ्या कराडला. भाजी मंडईतली. दोन दिवस त्यांनी डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते, आणि पलीकडे अकरा नंबरच्या दारावर स्टीलची वाटी वाजली.

साडेसहा.

हेमंत राहायला आला तेव्हा आईकडून विरजण घेऊन आला होता, देवरुखहून, छोट्या डब्यात फडक्यात गुंडाळून. दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा असा तापला की गल्लीत कुणाचंच दही धड लागेना, तार सुटायची. फक्त हेमंतचं दही सुरीने कापावं असं. मग शालनवहिनी एक चमचा विरजण मागायला आल्या, त्यांच्या मागून मोहिते, आणि ती पद्धतच पडली. घरी विरजण राखायची सवयच मोडली लोकांची. सकाळचं दूध तापून कोमट झालं की वाटी घेऊन सरांच्या दारी. तेवीस वर्षं. अण्णा एकटे पित्तामुळे दही खात नव्हते.

डॉक्टर शिकलगारांनी फोनवर हे ऐकलं आणि सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, की यंत्रातून बाजारातल्या पाकीटबंद दह्यांची सगळी वाणं वगळलेली आहेत. पण घरात कुणी अजून विरजण राखत असेल, हे यंत्र बनवणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नसावं. दही मिळालं तर त्यातली वाणं वजा करून पुन्हा हिशेब लावता येईल, तीन तासांचं काम. मात्र सुनावणी घेणाऱ्या समितीने परवानगी द्यायला हवी. कोण, किती वर्षं, किती नेमाने विरजण नेतं, हे कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. सबनीस सर सांगतील का?

हेमंतचा आवाज चार हातांपलीकडे जात नव्हता.

"मी सांगतो," उल्हासराव म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय कबूल केलं ते.

*

सुनावणी साताऱ्याला. अण्णा हरकत घ्यायला निघाले आणि नमुने दिलेले सगळेच बोलावले होते म्हणून गल्लीने मिळून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. गाडीत अण्णांनी हेमंतला खिडकीची जागा दिली, पाठीशी उशी लावली, आणि वाटेत कुठे थांबायचं यावर उल्हासरावांशी वाद घातला. हरकतीचा विषय कुणी काढला नाही.

समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश प्रमिला ओव्हाळ होत्या. चष्मा नाकावर, प्रश्न थोडके. उल्हासरावांनी शपथ घेतली आणि सांगायला सुरुवात केली. शालन घोरपडे, सहा तीस. मोहित्यांकडचं कुणीतरी, सहा पस्तीस. ओव्हरसियरबाई पावणेसातला, रविवारी सातला. कोपऱ्यावरचे जाधव दिवसाआड. तेवीस वर्षांचं वेळापत्रक त्यांनी कागद न बघता म्हणून दाखवलं. शेजारी बसलेल्या कारकुनाचं टंकन मागे पडलं.

ओव्हाळबाईंनी नकाशा पुढे ओढला. "कणसे, तुमचं घर बारा. तुमचं पुढचं दार दुसऱ्या बाजूला उघडतं. अकराच्या दारावर कोण किती वाजता येतं, हे तुम्हाला इतकं पाठ कसं?"

उत्तरं होती. फिरायला जातो, झाडांना पाणी घालतो. चोवीस वर्षांत अशी पन्नास उत्तरं तयार करून ठेवली होती त्यांनी, एकेक घासूनपुसून. मागच्या बाकावर आख्खी गल्ली बसली होती. पहिल्या बाकावर हेमंत, मांडीवर थरथरता हात दुसऱ्या हाताने धरून. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. त्या दिवशी दाराच्या कडीकडे बघत होता तसा समोर बघत होता.

"कारण पहिली वाटी साडेसहाला वाजते," उल्हासराव म्हणाले. "त्याच्या आत मला त्या घरातून बाहेर पडावं लागायचं. कुणाला कळू नये म्हणून."

"रोज?"

"रोज. बाई, मी बारा नंबरात झोपत नाही. चोवीस वर्षांत एकदाही झोपलेलो नाही. तिथे नुसता माझा दिवा झोपतो."

उल्हासराव मान खाली घालून मागून येणाऱ्या कुजबुजीची वाट बघत राहिले. ती येईना. मग एक खुर्ची सरकली.

"मी बोलू का?" शालनवहिनी उभ्या राहिल्या होत्या. "त्या साडेसहाबद्दल. ती वेळ आम्ही ठरवलेली आहे."

ओव्हाळबाईंनी मानेनेच बोला म्हटलं.

"आमच्याकडे दूध पाचला येतं. पावणेसहाला ते विरजायला तयार असतं. विरजण न्यायला लागलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी एकदा सहाला वाटी घेऊन गेले, दार वाजवलं, तर मागच्या अंगणात धप्प आवाज झाला. भावजी भिंतीवरून पडले होते. पुढे पंधरा दिवस लंगडत होते. आम्हाला म्हणाले, कालव्यावर घसरलो." वहिनींनी पदर सारखा केला. "त्या दिवशी आम्ही बायकांनी ठरवलं, साडेसहाच्या आधी सरांचं दार कुणी वाजवायचं नाही. दूध गार झालं तर पुन्हा कोमट करायचं. तेवीस वर्षं करतोय. माणसाला घरी जायला वेळ नको का मिळायला?"

उल्हासरावांना तो घोटा आठवला. ओव्हरसियरबाईंनी आणून दिलेला लेप आठवला, आणि तो देताना त्या कालव्याविषयी एक अक्षर बोलल्या नव्हत्या, हेही. त्यांनी मनातल्या मनात चोवीस वर्षं पुन्हा तपासली आणि सगळीकडे तीच चूक सापडत गेली. आपण गल्लीपासून काही लपवतोय असं त्यांना वाटत होतं. गल्ली त्यांच्यापासून आपल्याला माहीत आहे एवढंच लपवत होती. आणि गल्लीचं काम जास्त पक्कं होतं.

छातीवरचं काहीतरी उतरलं. इतकी वर्षं ते तिथे होतं हे ते नसल्यावर कळलं.

"म्हणजे हरकतदारांनाही माहीत होतं?" बाईंनी अण्णांकडे बघितलं.

अण्णा उभे राहिले. "होतं. मी कुठे नाही म्हणतो? दोन गॅस आहेत म्हणून लिहिलं, ते खरं आहे." त्यांनी घसा साफ केला. "माझं म्हणणं एवढंच, की जसं आहे तसं असू दे. कुणी त्रास दिला का? नाही ना? मग कागद कशाला?"

उल्हासरावांनी चमकून वर बघितलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते किती तोकडं वाटतं.

"अण्णा, हेच मीही म्हणत आलो," ते म्हणाले. "आणि त्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी कागदावर 'शेजारी' लिहिलं. मला बाहेर बसवलं."

अण्णा खाली बसले, आणि बसल्या बसल्या कारकुनाला म्हणाले, ती हरकत काढून टाका, मी पाहिजे तर सही करतो.

आता दही हवं होतं. ते आणायला कराडला कोण जाणार, यावर चर्चा सुरू झाली तोवर शालनवहिनींनी पिशवीतून डबा काढला. परतीच्या वाटेवर खायला दहीभात केला होता, आणि वर घ्यायला वेगळं दही आणलं होतं, सरांच्या विरजणाचं. डॉक्टर शिकलगारांनी त्यातलं चमचाभर नळीत घेतलं, सील केलं आणि गाडीकडे गेल्या. बाकीचं दही गल्लीने दुपारी आवारातल्या कडुलिंबाखाली बसून भातावर संपवलं. ओव्हाळबाईंनाही एक वाटी गेली. त्यांनी ती नियमात बसत नाही म्हणून परत पाठवली आणि सुवासावरून चांगलं असावं असा शेरा मारला.

तीन वाजता आकडे आले. दह्यातली वाणं वजा केल्यावर शेजारी-शेजारी चारवर, सहावर, तिनावर आले. अकरा आणि बारा नंबर : एक्केचाळीस. डॉक्टरांनी स्पष्टीकरणात लिहिलं होतं, की उरलेली वाणं बहुतेक तोंडातली आहेत आणि वाटीतून जाणारी नाहीत. हे वाक्य मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा हेमंत गालातल्या गालात हसला आणि उल्हासराव कानापर्यंत लाल झाले.

"घोरपडे," ओव्हाळबाई कागदांवर सही करता करता म्हणाल्या, "तुमचे आणि तुमच्या पत्नीचे अकरा उरलेत. तुमचं लग्न हार घालून झालंय म्हणून बरं. यंत्रावर असतं तर तुम्हाला मी शेजारीच धरलं असतं."

आधी वहिनी हसल्या, मग गल्ली, आणि सगळ्यांत शेवटी, नाइलाजाने, अण्णा. बाईंनी मात्र हसत हसत एक गंभीर काम केलं. निकालाच्या खाली त्यांनी शेरा लिहिला, की ज्या परीक्षेत हार घातलेलीच जोडपी नापास होतील, ती परीक्षा कुणाकडूनच घेऊ नये. हार आणि दोन साक्षीदार एकाला पुरतात तर ते सगळ्यांना पुरावेत. असे शेरे आणखी काही जिल्ह्यांतूनही गेले असणार. पुढच्या वर्षी कायद्यातून ते कलम गेलं, आणि सहवासमापक यंत्रं पोटाच्या विकारांच्या दवाखान्यांत कामाला लागली.

*

अमोघ तीसला गाडी घेऊन आला तेव्हा उल्हासरावांनी त्याच्यापुढे नोंदणीचा दाखला ठेवला आणि गुन्हा कबूल करणाऱ्यासारखे उभे राहिले. अमोघने तो दोनदा वाचला. मग मामाकडे बघून म्हणाला, अरे, आधी नाही का सांगायचं, मी महिनाभर झोपलो नाही. तुला इथून उपटून नेतोय असं वाटत होतं मला. रुग्णालयातून येताना घेतलेला रिमोट त्याने खिशातून काढला आणि उल्हासरावांच्या तळहातावर ठेवला. हेमंतने बारीक आवाजात बजावलं, की मामी-बिमी म्हणायचं नाही, तो काकाच राहील.

बडोद्याच्या न्हाणीघरातले दांडे अमोघने काढून पाठवले. ते आठवड्याभराने आले आणि अण्णांनी आधी भिंतीत ओल आहे म्हणून हरकत घेऊन मग स्वतः ड्रिल धरून बसवले.

अमोघ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उल्हासरावांना सवयीने जाग आली. अंधारात चपला चाचपल्या, मागच्या दाराकडे दोन पावलं टाकली आणि थांबले. पलंगावरून हेमंतने विचारलं, कुठे? ते परत येऊन पडले आणि ठरवलं, की चोवीस वर्षांची झोप आता सावकाश भरून काढायची. सात वाजेपर्यंत. जमलं तर आठ.

पावणेसहाला पुढच्या दारावर वाटी वाजली.

त्यांनी खुंटीवरचा हाताला लागेल तो सदरा चढवला आणि केस विस्कटलेले तसेच जाऊन कडी काढली. बाहेर शालनवहिनी, मागे मोहित्यांची सून, तिच्या मागे ओव्हरसियरबाई. तिघींच्या हातांत वाट्या.

"वहिनी, साडेसहा वाजले नाहीत अजून," उल्हासराव म्हणाले.

"साडेसहा तुमच्यासाठी होतं, भावजी. आता कशाला दूध गार करायचं?" वहिनींनी वाटी पुढे केली, आणि मग जरा मागे सरून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जांभळा रंग बरा दिसतो की तुम्हाला."

उल्हासरावांनी खाली बघितलं. सदरा हेमंतचा होता. आत जाऊन बदलावा असं क्षणभर वाटलं, मग त्यांनी वाटी घेतली आणि आत वळून हाक मारली, "हेमंत, ऊठ. गिऱ्हाइकं आली."